तक्रार केली तर गुगल चोरीच्या गाण्यांच्या लिंका काढतं का, आणि किती दिवसांत?

तुमचा प्रश्न असा, की अमळनेरला छोटा स्टुडिओ आहे, तुमची अहिराणी गाणी फुकट डाउनलोडच्या साइट्सवर पडलीत, गुगलवर त्या साइट्स तुमच्या चॅनलच्याही वर दिसतात, तर तक्रारीचा उपयोग होतो का.

होतो. पण गुगल गाणं काढत नाही, पत्ता काढतं. शोधाच्या यादीतून त्या एका पानाचा यूआरएल जातो. साइट, पान, फाइल जागेवरच राहतात आणि थेट पत्ता टाकणाऱ्याला गाणं मिळतंच. फाइल उडवायची तर ज्या कंपनीच्या सर्व्हरवर साइट बसली आहे तिला वेगळी तक्रार लागते. हे समजून न घेता ‘गुगल आपलं ऐकत नाही भो’ म्हणणारे निर्माते आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत.

धुळ्याकडच्या एका निर्मात्याची फाइल बघण्यात आली होती, तीच सांगतो, कारण करता येतील तेवढ्या चुका तिच्यात एका जागी होत्या. हळदीचं गाणं, लग्नसराईत जोरात चाललेलं. पहिल्या तक्रारीत त्यानं साइटचं मुखपृष्ठ दिलं, गुगलच्या शोधाच्या पानाचा पत्ता दिला आणि मोबाइलमधून ‘शेअर’ दाबून मिळालेल्या छोट्या लिंका दिल्या. सगळं नाकारलं गेलं, आणि बरोबरच नाकारलं. मुखपृष्ठावर ते गाणं नसतंच. शोधाचं पान दर वेळी बदलतं. लागतो तो नेमक्या त्या गाण्याच्या पानाचा पत्ता, पान उघडून वरच्या पट्टीतून कॉपी केलेला. देवनागरी नावाचं पान असेल तर कॉपी केल्यावर टक्क्यांच्या चिन्हांची लांबच लांब रांग येते. ती तशीच चिकटवा. हातानं टाइप करायला गेलात की एक अक्षर चुकतं आणि तो पत्ता कुठेच सापडत नाही.

आणि एकाच गाण्याची पानं एका साइटवर तीन-चार असतात: गायकाच्या नावाखाली, अल्बमखाली, ‘नवीन गाणी’खाली. प्रत्येकाचा पत्ता वेगळा द्यावा लागतो. ‘अहिराणी’चं रोमन स्पेलिंग लोक एका ए-नं, दोन ए-नं, कसंही करतात; सगळ्या तऱ्हांनी शोधा, नुसतं ‘खानदेशी’ टाकूनही शोधा. एका फॉर्ममध्ये हजारापर्यंत पत्ते बसतात, त्यामुळे रोज एक-एक पाठवत बसू नका. गुगलचा फॉर्म आधी कुठली सेवा हे विचारतो. शोध, यूट्यूब, ब्लॉगर, ड्राइव्ह यांच्या वाटा वेगवेगळ्या आहेत. यूट्यूबवरची चोरी यूट्यूबलाच कळवायची.

दुसऱ्या तक्रारीत त्यानं पत्ते बरोबर दिले, पण कामाच्या वर्णनात फक्त ‘माझे गाणे चोरले’ लिहिलं. तपासणाऱ्याला काय कळणार? गाण्याचं नाव, गायक, प्रसिद्धीची तारीख, लांबी मिनिट-सेकंदात आणि अधिकृत व्हिडिओचा पत्ता द्या. यानं दिलेला व्हिडिओ ‘प्रायव्हेट’ करून ठेवलेला होता. तुलनाच करता येत नसेल तर मंजुरी कशी मिळणार?

पण खरी गाठ पुढे आहे. हक्क एक नसतो, तीन असतात: शब्दांचा, चालीचा आणि ध्वनिमुद्रणाचा. ध्वनिमुद्रणाचा हक्क ज्यानं पुढाकार आणि जबाबदारी घेऊन ते करवलं त्या निर्मात्याचा. शब्द-चाल ज्याची त्याची, आणि हस्तांतरण सहीच्या कागदावरच. कागदात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती 5 वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत (1957च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 19). आपल्याकडे सगळा व्यवहार ‘भाऊ, तुमचं-आमचं काय’ यावर होतो. फॉर्मवर तुम्ही मात्र अमेरिकेच्या 1998च्या कायद्याप्रमाणे, खोट्या साक्षीच्या शिक्षेची जोखीम घेऊन, हक्कदार असल्याचं लिहून देता.

म्हणून कानबाईच्या, म्हणजे आपल्या खानदेशच्या लोकदेवीच्या, पारंपरिक गाण्यांवर दावा करणाऱ्यांचं मला नवल वाटतं. या धुळेकरानंही तिसऱ्या यादीत दुसऱ्या मंडळाच्या कानबाईच्या गाण्याची लिंक घुसडली, ‘चाल आमची’ म्हणून. चाल तुमची? कानबाईच्या सणाचे रोट करताना बायका ती पिढ्यान्‌पिढ्या म्हणतात. पारंपरिक गाण्याचं तुमचं मुद्रण तुमचं, तुमचे नवे शब्द तुमचे, तुम्ही घातलेलं नवं संगीत तुमचं. मूळ गाणं कुणाचंच नाही. बहिणाबाई 1951 ला गेल्या, गाणी 1952 ला पुस्तकात आली. मरणोत्तर प्रकाशनाला 60 वर्षं मोजली तर पहिल्या आवृत्तीतल्या ओव्यांचा हक्क 2012 अखेर संपला. तरी एखाद्यानं त्यांना लावलेली चाल आणि गायलेलं मुद्रण उचललंत तर ती चोरीच. हा फरक सांगितला की आपल्याकडे लोक तोंड फिरवतात.

खोटी तक्रार हे स्पर्धकाला गाडायचं जुनंच हत्यार आहे. नोव्हेंबर 2023 मध्ये गुगलनं कॅलिफोर्नियात असल्या लोकांवर दावा लावला, 65 खात्यांतून 1 लाख 17 हजारांवर पत्त्यांविरुद्ध बनावट नोटिसा पाठवल्याचा. तक्रार चुकीची आहे असं म्हणत समोरचा प्रतिनोटीस देऊ शकतो. मग कोर्टात गेल्याचं तुम्हाला दाखवावं लागतं, नाहीतर लिंक परत येऊ शकते.

भारतीय वाटही आहे. कॉपीराइट कायद्याचं कलम 52(1)(c) आणि 2013च्या कॉपीराइट नियमांतला नियम 75: लेखी तक्रार मिळाल्यापासून 36 तासांत मध्यस्थानं, म्हणजे लिंक दाखवणाऱ्या किंवा फाइल ठेवणाऱ्या कंपनीनं, प्रवेश थांबवायचा, पण 21 दिवसांत तुम्ही कोर्टाचा आदेश आणायचा. न आणल्यास ते खुलं करू शकतात, आणि त्याच जागेवरच्या त्याच कामाबद्दल तुमच्या पुढच्या तक्रारीला उत्तर देणं त्यांच्यावर बंधनकारक नाही. दाव्यासाठी मुंबईची वारी नको. कलम 62 प्रमाणे तुम्ही राहता तिथल्या जिल्हा न्यायालयात, म्हणजे जळगावलाच, लावता येतो.

हां, दिवस. स्वच्छ तक्रार दोन-चार दिवसांत मंजूर झालेली दिसते. मोठी यादी लांबते. गुगलच्या तक्रारींच्या डॅशबोर्डवर प्रत्येक पत्त्याची स्थिती दिसते. मंजूर झालं तरी साइटवाला पत्त्यात एक आकडा बदलून तेच पान पुन्हा उभं करतो. केळीचा घड कापला की शेजारी पील, म्हणजे नवा कोंब, तयारच असतो, तसं. त्यामुळे लग्नसराईत दर आठवड्याला फेरी मारा. मंजूर तक्रारी साठत गेल्या की ती साइट क्रमवारीतही खाली सरकते, गुगल हे ऑगस्ट 2012 पासून धरतं. मायक्रोसॉफ्टच्या बिंग या शोधयंत्राचा फॉर्म वेगळा भरा. डकडकगो या आणखी एका शोधयंत्राचे बरेच निकाल तिथूनच येतात.

एक राहिलं. तुमच्या तक्रारीची प्रत लुमेन नावाच्या सार्वजनिक संग्रहात जाऊ शकते, तक्रारदाराच्या नावासकट. घरच्या कुणाच्या नावानं पाठवू नका, स्टुडिओच्या नावानं पाठवा.