चाळीस वर्षं नुसतं तोंडी?

प्रश्न : येशूला क्रुसावर दिल्यानंतर पहिलं शुभवर्तमान, म्हणजे येशूचं चरित्र सांगणारं पुस्तक, लिहिलं जायला सुमारे चाळीस वर्षं लागली, असं वाचलं. एवढा काळ सगळं तोंडीच चाललं असेल, तर तो कानगोष्टींचाच खेळ झाला ना? एकानं एक सांगायचं, दहाव्यानं भलतंच ऐकायचं. येशूनं शिकवलेली प्रभूची प्रार्थना मत्तयाच्या शुभवर्तमानात एक आणि लूकच्या शुभवर्तमानात दुसरी आहे, तीही यामुळेच का? (एक वाचक, मिरज)

उत्तर : कानगोष्टींत कुजबुजायचं असतं आणि पुन्हा विचारायची बंदी असते. म्हणून तर तिथे वाक्याचं वाटोळं होतं. येशूच्या गोष्टी कुणी कुजबुजल्या नाहीत. त्या जेवणाच्या पंगतीत, घराघरांतल्या उपासनेत मोठ्यानं सांगितल्या गेल्या आणि ऐकणाऱ्यांतल्या काहींना त्या आधीच ठाऊक असत.

माझी आजी निरक्षर होती. नगर जिल्ह्यातल्या आमच्या घरी रात्री जेवणं झाली की ती चांगल्या शोमरोन्याची, म्हणजे वाटेत जखमी पडलेल्या अनोळखी माणसाला उतारशाळेत नेणाऱ्या परक्याची, येशूनं सांगितलेली गोष्ट सांगायची. गाढवाचं वर्णन रोज वेगळं. उतारशाळेचा मालक कधी प्रेमळ, कधी खेकसणारा. त्याला आमची हरकत नसे. पण शोमरोन्यानं दिलेल्या दोन दिनारांचा चुकून एक झाला, की आम्ही पोरं ओरडायचो. आणि ‘मग त्याचा शेजारी कोण झाला?’ हा शेवटचा प्रश्न ती कधीच बदलत नसे. पुढे तीस वर्षं मी नवा करार शिकवला. मत्तय, मार्क आणि लूक शेजारी शेजारी मांडून विद्यार्थ्यांना सारखे शब्द लाल पेन्सिलीनं रंगवायला लावायची, तेव्हा पुष्कळदा हेच दिसायचं : प्रसंगाच्या कडा मोकळ्या आणि येशूच्या तोंडचं वाक्य जवळपास जसंच्या तसं.

शिवाय चाळीस वर्षं कागद अगदी कोरा नव्हता. पहिल्या पिढीतला प्रचारक पौल याची पत्रं इ. स. ५० नंतरच्या दशकातली, म्हणजे सर्वांत जुन्या, मार्काच्या शुभवर्तमानाच्याही आधीची. करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना तो लिहितो, की मला जे मिळालं तेच मी तुम्हांला सांगून दिलं. पुढे येतात चार छोटी वाक्यं : ख्रिस्त आपल्या पापांसाठी मेला, त्याला पुरलं, तिसऱ्या दिवशी तो उठवला गेला, केफाला दिसला. ग्रीकमध्ये हे वाचताना पाठांतराचा ठेका स्पष्ट जाणवतो. हे शब्द पौलाचे नाहीत, त्याच्या आधीच्या मंडळीचे, म्हणजे ख्रिस्ती समुदायाचे आहेत. केफा म्हणजे येशूचा प्रमुख शिष्य पेत्र. पौल यरुशलेमेत त्याच्याकडे पंधरा दिवस राहिला होता, हे त्यानं स्वतःच गलतिया प्रांतातल्या मंडळ्यांना लिहिलं आहे. त्या पंधरा दिवसांत या दोघांचं काय बोलणं झालं असेल, याचा विचार मी आजही करते.

आता प्रार्थना. लूकच्या सर्वांत जुन्या प्रतींत ती ‘पित्या’ एवढ्याच हाकेनं सुरू होते. ‘आमच्या स्वर्गातील पित्या’ हे मत्तयाचं. ‘तुझी इच्छा पूर्ण होवो’ ही ओळ लूकमध्ये नाही. दोघांनी ही प्रार्थना वेगवेगळ्या मंडळ्यांत जशी म्हटली जायची तशी उतरवली, असं मला वाटतं. रोज ओठांवर असलेली प्रार्थना गावागणिक थोडी बदलतेच. एक फरक मात्र मला फार प्रिय आहे. मत्तय म्हणतो, आमची ऋणं सोड. लूक म्हणतो, आमच्या पापांची क्षमा कर. येशूची भाषा अरामी होती आणि अरामीत ऋण आणि पाप या दोन्हींसाठी एकच शब्द चालतो. एकाच शब्दाला ग्रीकमध्ये दोन वाटा फुटल्या. गंमत म्हणजे लूकच्याच पुढच्या ओळीत ‘आमचा ऋणी असलेला प्रत्येक जण’ आहे, म्हणजे ऋण तिथेही शिल्लक राहिलंच. आपण चर्चमध्ये शेवटी ‘राज्य, सामर्थ्य आणि गौरव’ म्हणतो, ते मत्तयाच्या सर्वांत जुन्या प्रतींत नाही. ते उपासनेतून आलं.

शब्दन् शब्द जपला गेला, असं मी म्हणणार नाही. तसं म्हटलं तर शुभवर्तमानंच मला खोटं पाडतील. आणि काही गोष्टी तर लिहिल्या गेल्यावरही जागा शोधत हिंडत होत्या. व्यभिचारात धरलेल्या स्त्रीची गोष्ट घ्या, ‘ज्यानं पाप केलं नसेल त्यानं पहिला दगड टाकावा’ ती. योहानाच्या, म्हणजे चौथ्या शुभवर्तमानाच्या, सर्वांत जुन्या हस्तलिखितांत ती नाही. पुढच्या बहुतेक प्रतींत ती आठव्या अध्यायाच्या सुरुवातीला येते, तर काही प्रतींत चक्क लूकच्या एकविसाव्या अध्यायानंतर. लोकांच्या तोंडी असलेली, कुणालाच टाकून द्यावीशी न वाटलेली ही गोष्ट शेवटी योहानात स्थिरावली. ती खोटी आहे असं कुणी म्हटलं, की मला वाईट वाटतं. ती उशिरा लिहिली गेली, एवढंच त्या प्रती सांगतात.

मग लिहायची गरज का पडली? येशूला प्रत्यक्ष पाहणारे एकेक करून जात चालले होते. येशूचा शिष्य, जब्दीचा मुलगा याकोब पहिल्या दहा-पंधरा वर्षांतच तलवारीनं मारला गेला, प्रभूचा भाऊ याकोब ६२ मध्ये. ७० मध्ये रोमनांनी यरुशलेमेचं मंदिर पाडलं आणि पहिली मंडळी जिथे होती ते शहरच उद्ध्वस्त झालं. मार्क याच सुमाराचा. तरी तोंडी परंपरेवरचं प्रेम आटलं नाही. दुसऱ्या शतकाच्या आरंभी हिरापोलीसचा बिशप पापियास सांगतो, की पुस्तकांपेक्षा जिवंत आवाजातून मला जास्त लाभ होतो. वडील मंडळींचा सहवास लाभलेला कुणी आला, की येशूचे शिष्य अंद्रिया काय म्हणाला, पेत्र काय म्हणाला, हे पापियास त्याला विचारत असे.

तुमच्याकडे बायबल असेल तर मार्क १५:२१ काढा. कुरेनेकर शिमोनाला येशूचा क्रूस वाहायला धरतात, तिथे मार्क मध्येच सांगतो, की हा आलेक्सांद्र आणि रूफ यांचा बाप. ही मुलं कोण, हे तो समजावत बसत नाही. ज्यांच्यासाठी तो लिहीत होता ते बहुधा त्यांना ओळखत होते. मत्तय आणि लूक यांनी तीच गोष्ट घेतली आणि ही दोन नावं गाळली.