चित्रप्रश्न : कागदाचा उजेड

प्रश्न : निवृत्तीनंतर आम्ही दोघे युरोपच्या सहलीला गेलो होतो. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात बराच वेळ रांगेत उभे राहिल्यावर 'मोनालिसा'समोर जेमतेम अर्धा मिनिट मिळाला. चित्र एवढेसे, त्यावर काच आणि पुढे सगळ्यांचे उंचावलेले मोबाइल. खरे सांगायचे तर मन खट्टू झाले. आमचीच नजर कमी पडली, की या चित्राचा नुसताच बोलबाला आहे? (एक वाचक भगिनी, दादर)

उत्तर : आपली नजर मुळीच कमी पडलेली नाही. अर्ध्या मिनिटात, गर्दीच्या डोक्यांवरून, ते चित्र दिसणे कोणालाही शक्य नाही. 'मोनालिसा' पॉप्लरच्या लाकडी फळीवर रंगवलेली असून तिची उंची 77 आणि रुंदी 53 सेंटिमीटर आहे, म्हणजे आपल्याकडे दिवाणखान्यात लावलेल्या आजोबांच्या तसबिरीपेक्षा ती फार मोठी नाही. त्यातच समोरच्या भिंतीवर व्हेरोनेसे या इटालियन चित्रकाराचे जवळजवळ 10 मीटर रुंदीचे 'काना येथील विवाहभोजन' लावलेले असल्याने ती आणखीच लहान भासते.

प्रसिद्धी आणि थोरवी या दोन गोष्टी इथे वेगळ्या काढून पाहायला हव्यात. लिओनार्दो द व्हिंचीने हे चित्र 1503च्या सुमारास सुरू केले आणि 1519मध्ये मृत्यू येईपर्यंत ते स्वतःजवळच ठेवले. जाणकारांमध्ये त्याचा लौकिक पूर्वीपासून होता. घरोघरी मात्र ते पोहोचले 21 ऑगस्ट 1911 रोजी झालेल्या चोरीमुळे. याच संग्रहालयात पूर्वी काम केलेल्या पेरुज्जा नावाच्या इटालियन कारागिराने ते भिंतीवरून काढून नेले आणि दोन वर्षांहून अधिक काळ लपवून ठेवले. वर्तमानपत्रांनी चित्राचे छायाचित्र जगभर छापले, लोक रिकामी भिंत पाहायला रांगा लावू लागले आणि डिसेंबर 1913मध्ये फ्लॉरेन्सला चित्र सापडेपर्यंत तो चेहरा सर्वांच्या ओळखीचा झाला होता.

थोरवी मात्र ओठांच्या आणि डोळ्यांच्या कोपऱ्यांत आहे. चेहऱ्यावरचा भाव आपण मुख्यतः याच कोपऱ्यांवरून ओळखतो आणि लिओनार्दोने नेमकी तिथेच रेषा ठेवलेली नाही. पातळ, पारदर्शक रंगाचे थर एकावर एक चढवत त्याने उजेड सावलीत असा विरघळवला आहे, की ओठ कुठे संपला आणि गाल कुठे सुरू झाला हे बोट ठेवून सांगता येत नाही. या पद्धतीला 'स्फुमातो' म्हणतात; इटालियन भाषेतल्या धूर या शब्दाशी त्याचे नाते आहे. कोपरा निश्चित नसल्याने ती हसते आहे की नाही, हे दर वेळी पाहणाऱ्यालाच ठरवावे लागते. सहलीत आणलेले चित्राचे एखादे कार्ड घरी असेल, तर चेहऱ्यामागचा निसर्ग आधी उजवीकडचा झाकून आणि मग डावीकडचा झाकून पाहा. डावीकडचे क्षितिज उजवीकडच्यापेक्षा खाली आहे, त्यामुळे एका बाजूने पाहताना ती ताठ बसल्यासारखी वाटते आणि दुसऱ्या बाजूने किंचित सैलावल्यासारखी. पुन्हा पॅरिसला जाणे झाले, तर त्याच संग्रहालयाच्या लांब दालनात लिओनार्दोचीच आणखी चित्रे आहेत. तिथे गर्दी कमी असते आणि हेच कसब शांतपणे पाहता येते.

प्रश्न : गिरगावातल्या आमच्या चाळीतल्या खोलीत, हाती दिवा घेतलेल्या स्त्रीचे एक जुने छापील चित्र माझ्या लहानपणापासून आहे. हे राजा रविवर्म्याचे चित्र असे वडील सांगत. हल्ली नातू म्हणतो, तसे नाही. खरे काय? (एक ज्येष्ठ वाचक, गिरगाव)

उत्तर : नातवाचे म्हणणे खरे आहे आणि त्याने ते आपणहून शोधले याचा मला फार आनंद झाला. एका हातात दिवा, दुसरा हात ज्योतीच्या आड आणि बोटांतून झिरपणारा उजेड चेहऱ्यावर, असे ते चित्र असेल, तर ते सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचे 'ग्लो ऑफ होप' आहे. हळदणकर मूळचे सावंतवाडीचे. त्यांचे शिक्षण मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये झाले आणि 1908मध्ये त्यांनी मुंबईतच स्वतःची कलासंस्था काढली. हे चित्र त्यांनी 1945-46च्या सुमारास रंगवले आणि त्यासाठी दिवा घेऊन उभी राहिली होती त्यांचीच मुलगी. रविवर्म्याचे निधन 1906 साली झाले, तेव्हा हे चित्र त्यांचे असूच शकत नाही. तरीही गैरसमज पसरला आणि त्याचे कारणही समजण्यासारखे आहे. रविवर्म्याने 1894मध्ये मुंबईत छापखाना काढला आणि त्याच्या शिळाप्रेसवरच्या लक्ष्मी-सरस्वती घराघरांत गेल्या. पुढे भिंतीवर सुबक भारतीय स्त्री दिसली, की ते नाव आपोआप तोंडात येऊ लागले. आपल्या वडिलांची ती चूक त्या पिढीतल्या असंख्य घरांत झालेली आहे.

मला मात्र त्याहून महत्त्वाची वाटते ती या चित्राची जात. रविवर्मा ओळखला जातो तो तैलरंगांसाठी आणि हे चित्र आहे जलरंगातले. हा फरक समजला, की चित्र पाहण्याची रीतच बदलते. तैलचित्रात काळोख आधी रंगवून उजेड शेवटी, घट्ट पांढऱ्या रंगाने, वर ठेवता येतो. पारदर्शक जलरंगात तशी सोय नसते. तिथे पांढरा म्हणजे कोरा कागद. ज्योत जिथे यायची, ती जागा पहिल्या वॉशपासून, म्हणजे पाणीदार रंगाच्या पहिल्या थरापासून, राखून ठेवावी लागते, भोवतीचा काळोख एकेका थराने तिच्याकडे सरकवत आणावा लागतो आणि ओल्या रंगाचा एक ओघळ जरी त्या जागेत शिरला, तरी गेलेला उजेड पुरता परत येत नाही. म्हणजे त्या स्त्रीच्या चेहऱ्यावर आपण जो उजेड पाहतो, तो चित्रकाराने लावलेला नाही, त्याने तो शिल्लक ठेवला आहे.

मूळ चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे. मी ते पाहायला गेलो, तेव्हा शेजारच्या एका गृहस्थांनी चित्राच्या मागे दिवा लावला आहे का, असे रखवालदाराला अगदी मनापासून विचारले होते. मी स्वतः बराच वेळ पाहत राहिलो तो आड धरलेल्या हाताकडे. रात्री बॅटरीवर तळहात धरला, की बोटांच्या कडा जशा लालसर दिसतात, तसा उजेड त्या हातात शिरलेला आहे. अंधारात जाणारी बाजू आणि उजळलेली बाजू यांच्यामध्ये फक्त त्या बोटांची जाडी आहे, आणि तेवढ्या जागेत हळदणकरांनी प्रखर पिवळ्यापासून गडद तपकिरीपर्यंतचा सगळा प्रवास केला आहे. छापील प्रतीत हे निम्मेही उतरत नाही. तरीही आपली प्रत जपून ठेवा. शक्य असेल, तर तिला ऊन लागणार नाही अशा भिंतीवर हलवा आणि चौकटीच्या मागे हळदणकरांचे नाव लिहून ठेवा.

प्रश्न : मुंबईत मुलांना चांगली मूळ चित्रे कुठे दाखवता येतील? (एक वाचक, मुलुंड)

उत्तर : फोर्टमध्ये एका चौकाभोवतीच तीन जागा आहेत. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा घराण्याने दिलेली युरोपीय चित्रे आणि भारतीय लघुचित्रे आहेत. समोर कावसजी जहांगीर सभागृहात 1996पासून राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे. जहांगीर कलादालनात तर प्रवेशशुल्कही नाही. एका दिवसात सगळे उरकू नका. एका वेळी दोनच चित्रे निवडा आणि मुलांना ती आधी लांबून आणि मग जवळून पाहू द्या.

प्रश्न : वासुदेव गायतोंडे यांच्या चित्रांना लिलावात कोट्यवधी रुपये मिळतात असे वाचतो. त्यांत माणूस नाही, झाड नाही, प्रसंग नाही. मग पाहायचे काय? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : किमतीचा विचार तूर्त बाजूला ठेवू या. लिलावातला आकडा चित्र विकत घेणाऱ्यांविषयी सांगतो. चित्र त्याच्या आधी आणि नंतर तेच असते. पुढच्या प्रश्नातले, डच चित्रकार व्हर्मीरचे जगप्रसिद्ध चित्र 1881मध्ये हेगच्या लिलावात अवघ्या दोन गिल्डरना (तिथले तेव्हाचे चलन) आणि वर काही सेंटना गेले होते.

गायतोंडे (1924-2001) गिरगावच्या चाळीत वाढले, 1948मध्ये जे. जे.तून बाहेर पडले आणि हळूहळू आकृती सोडत गेले. रंग लावायला ब्रशऐवजी रोलर आणि सपाट सुरी वापरून ते थर चढवत आणि पुन्हा खरवडून उचलत. वर्षाला त्यांची मोजकीच चित्रे होत, कारण रंगवण्यापेक्षा थांबण्यात त्यांचा वेळ अधिक जाई. समोर उभे राहिल्यावर आधी एकच रंग दिसतो, समजा गढूळ हिरवा. दोन-चार मिनिटे गेली, की त्याच्या आतून दुसरा रंग वर येऊ लागतो आणि पृष्ठभागाला खोली येते. पावसाळ्यात मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसले असता समुद्र आणि आकाश यांच्यातली रेघ नाहीशी होते, तेव्हा आपण त्या राखाडी रंगात काय आहे असे विचारत नाही, नुसते पाहत राहतो. गायतोंडे यांच्या चित्राला तेवढेच द्यायचे असते. वस्तुसंग्रहालयाच्या इमारतीत असलेल्या जहांगीर निकल्सन संग्रहात त्यांचे काम आहे. ते मांडलेले असेल, त्या दिवशी अवश्य जा.

प्रश्न : माझी चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा झाली आहे आणि सरावासाठी मी पोस्टर कलरमध्ये 'मोत्याचे कर्णभूषण घातलेली मुलगी'ची नक्कल करतो आहे. चेहरा बरा जमतो, पण मोती काही केल्या प्लास्टिकच्या मण्यासारखाच दिसतो. (एक विद्यार्थी, कल्याण)

उत्तर : तुझा प्रश्न मला सगळ्यांत आवडला, कारण तो थेट हाताशी संबंधित आहे. तू बहुधा आधी गोल काढतोस, मग त्यात राखाडी रंग भरतोस आणि कडा नीट करतोस. व्हर्मीरने 1665च्या सुमारास यांतले काहीच केले नाही. त्या मोत्याला बाह्यरेषा नाही. कानात अडकवायची तारसुद्धा नाही. आहेत त्या दोनच गोष्टी : वर डावीकडे जाड पांढऱ्या रंगाचा एक ठिपका, ज्यात डावीकडून येणारा उजेड आहे, आणि खाली मऊ, अस्पष्ट असा फटकारा, ज्यात तिच्या पांढऱ्या कॉलरचे प्रतिबिंब पडले आहे. मधला मोती म्हणजे मानेवरची सावलीच. गोल पुरा करण्याचे काम त्याने आपल्या डोळ्यांवर सोपवले.

आणखी एक गोष्ट ध्यानात घे. आज मागचा भाग काळा दिसतो, पण हेगच्या मॉरित्सहाउस संग्रहालयाने केलेल्या तपासणीत तिथे मूळचा हिरवा पडदा असल्याचे आढळले. त्याचा रंग काळाच्या ओघात बदलला. तेव्हा मागे निव्वळ काळा रंग लावू नकोस, त्यात थोडा हिरवा मिसळ, म्हणजे चेहरा आपोआप उबदार दिसेल. मानेची सावली पूर्ण वाळू दे. मग पातळ रंगाने खालचे प्रतिबिंब टेक आणि त्याची कडा ओल्या ब्रशने विरवून टाक. शेवटी पाणी न घालता ब्रशच्या टोकावर पांढरा रंग घे, वरचा ठिपका एकदाच ठेव आणि त्याला पुन्हा हात लावू नकोस.