गरम पाण्याने आंघोळ केली की डोळ्यापुढे धुकं येतं. हा एमएसचा नवा अटॅक समजायचा का?

तुम्ही लिहिलंय की एमएसचं (मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे चेतातंतूंवरचं आवरण खराब होण्याचा आजार) निदान झालंय, उजव्या डोळ्याला पूर्वी ऑप्टिक न्यूरायटिस (डोळ्याच्या नसेला सूज) होऊन गेला, आणि हल्ली आंघोळीनंतर त्याच डोळ्यापुढे धुकं येऊन अर्ध्या तासात निवळतं. बहुतेक हा अटॅक नाही. मी डॉक्टर नाही, नऊ वर्षांची पेशंट आहे, आणि इंदूरच्या मे महिन्याने मला हे चांगलंच शिकवलंय.

माझं पहिल्यांदा झालं ते राजवाड्याजवळ, शीतलामाता बाजारात. भाचीच्या लग्नाची खरेदी, दुपारचे दोन. डावा डोळा झाकला तर समोरच्या दुकानाची पाटी नुसती पांढरी फळी! हातातला लाल शालू डाव्या डोळ्याला कुंकवासारखा, उजव्याला धुऊन धुऊन विटलेला. दुकानदाराने ‘दीदी, बैठ जाओ’ म्हणत कूलरसमोर बसवलं. वीसेक मिनिटांत पाटीवरची अक्षरं एकेक करून परत आली. शालू राहिला, मी घरी येऊन रडले.

याला उथॉफची घटना म्हणतात. त्या जर्मन नेत्रतज्ज्ञाने १८९० मध्ये व्यायामानंतर नजर मंदावणारे रुग्ण नोंदवले होते; खरं कारण अंगातली उष्णता, हे पुढे कळलं. एमआरआय नव्हता तेव्हा तर निदानासाठी पेशंटला चक्क गरम पाण्याच्या टबात बसवत.

होतं काय, तर मायलिन म्हणजे चेतातंतूभोवती गुंडाळलेली चरबीदार सुरळीची वडी. दोन वड्यांमध्ये बारीक फट असते आणि संदेश फटीफटीतून उड्या मारत जातो. मेंदूत या वड्या ऑलिगोडेंड्रोसाइट नावाच्या पेशी वळतात, एकेक पेशी डझनावारी. एमएसमध्ये वडी उलगडते. नंतर पुन्हा वळली तरी पातळ होते. अशा तंतूतून संदेश कसाबसा जातो. तापमान वाढलं की फटीतली सोडियमची दारं लवकर मिटतात, पुढच्या उडीपुरता जोर उरत नाही. अंगाचं तापमान अर्धा अंश वाढलं तरी पुरतं. पण त्यात आणखी मायलिन नष्ट होत नाही. गार झालात की संदेश पुन्हा सुरू.

अटॅकचं वेगळं असतं. नवीन किंवा वाढलेला त्रास २४ तासांहून जास्त टिकला, आणि ताप किंवा इन्फेक्शन नसेल, तर न्यूरॉलॉजिस्टना त्याच दिवशी फोन करा. डोळा हलवताना दुखत असेल तरीही. आणि ताप असेल तर आधी लघवी तपासून घ्या. मला एकदा पायात आलेली कमजोरी मूत्रमार्गाच्या इन्फेक्शनची निघाली होती.

बाकी आंघोळ कोमट पाण्याने, तीही स्टुलावर बसून. मी खरेदीला सकाळी दुकानं उघडताच निघते, गळ्याभोवती ओला पंचा असतो. सासूबाईंना तो अजून चारचौघांत बरा दिसत नाही.