सात दिवस नुसतं पाणी पिऊन शुगर जाते का?

हल्ली माझ्याकडे हा प्रश्न सारखा येतो. मॅडम, सात दिवस पाण्यावर राहिलं की डायबेटिस मुळापासून जातो म्हणतात, करू का? विचारणारा माणूस गोळ्यांना कंटाळलेला असतो, घरात कुणाचं तरी डायलिसिस बघितलेलं असतं, आणि मोबाईलवर कुणीतरी छातीठोकपणे सांगत असतं की डॉक्टर तुम्हाला हे सांगणारच नाहीत. भीती खरी असते त्यांची, म्हणून मी कुणाला उडवून लावत नाही. एका दादांचं सांगते, त्यांना विचारूनच, आणि ओळख पटेल असे तपशील बदलून.

वय पंचेचाळीसच्या पुढे, स्वतःचा छोटा हत्ती, पहाटे उठून गावाकडची भाजी कोल्हापूरला मार्केट यार्डात टाकायची. चार वर्षांपासून टाइप टू डायबेटिस, त्यात बीपी. वडील शुगरमध्येच गेले, आधी पायाचं बोट, मग पाय. दादांना एकच वाटायचं की आपलं असं व्हायला नको, आणि गोळ्या चालू आहेत म्हणजे आपण त्याच वाटेवर आहोत. मग व्हिडिओ बघून घरात कुणाला न विचारता पाण्यावर राहायला सुरुवात केली आणि गोळ्या मात्र चालू ठेवल्या, कारण दोन्हीकडून मारा केला तर शुगर लवकर जाईल असा त्यांचा हिशोब.

त्या गोळ्यांत ग्लिमेपिराइड होती. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, तुम्ही जेवला की नाही हे ती बघत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी घाम फुटला, हात थरथरायला लागले, डोळ्यांपुढं अंधारी, आणि दादा वहिनींना म्हणतात, घाबरू नको, घाण बाहेर पडतीय. वहिनींनी ऐकलं नाही, मशीन लावलं, शुगर ५२, म्हणजे धोक्याइतकी कमी. लगेच साखरपाणी पाजलं म्हणून निभावलं. हेच पहाटे हायवेला गाडी चालवताना झालं असतं तर?

ते ‘घाण बाहेर पडतीय’ मला सगळ्यात जास्त टोचतं. एकदा ही समजूत डोक्यात बसली की चक्कर, धडधड, उलटी, सगळं चांगलं लक्षण वाटायला लागतं आणि माणूस दवाखान्यात यायचा थांबतो. रक्त गाळायचं काम किडनी आणि लिव्हर रोज करतात, त्यासाठी त्यांना उपाशी ठेवायची गरज नसते.

आता उपाशी राहिल्यावर होतं काय ते सांगते. लिव्हरमध्ये साठवलेली साखर साधारण एका दिवसात संपत येते, मग शरीर चरबी जाळून कीटोन नावाचं इंधन बनवायला लागतं, पण सोबत स्नायूही झिजतात. पहिल्या दोन-तीन दिवसांत काट्यावर जे वजन उतरतं त्यात पाणी बरंच असतं. शुगरचा आकडा खाली येतो हे खरं आहे, खाल्लंच नाही तर येणारच, पण जेवायला लागल्यावर तो कुठं जातो ते बघायला हवं. लोक ऑटोफॅजीचं, म्हणजे पेशी स्वतःचेच जुने भाग मोडून परत वापरतात त्या क्रियेचं नाव घेतात, २०१६ चं नोबेल दाखवतात. योशिनोरी ओसुमींना ते मिळालं हे बरोबर, पण त्यांचं मूळ काम यीस्टच्या पेशींवरचं, त्यातून ‘सात दिवस उपाशी राहा, डायबेटिस जाईल’ असं काही निघत नाही.

दादांना मी ‘डायरेक्ट’ (DiRECT) नावाच्या ब्रिटनमधल्या अभ्यासाबद्दल सांगितलं, कारण त्यांना आशा हवी होती आणि ती खोटी देऊन चालणार नव्हतं. त्यात सहा वर्षांच्या आतला टाइप टू असलेल्या, इन्सुलिन न घेणाऱ्या लोकांना तीन ते पाच महिने रोज साधारण ८२५ ते ८५३ कॅलरी दिल्या, म्हणजे कमी दिलं पण रोज दिलं, प्रोटीन-व्हिटॅमिन सगळं मोजून. शुगर-बीपीच्या गोळ्या सुरुवातीलाच बंद केल्या, पण देखरेखीखाली. नंतर हळूहळू जेवण परत सुरू. वर्षाने ४६ टक्के लोकांची शुगर गोळ्यांशिवाय डायबेटिसच्या रेषेखाली होती, दोन वर्षांनी ३६ टक्के. ज्यांचं वजन उतरलं आणि उतरलेलं राहिलं त्यांना जास्त फायदा. दादा म्हणाले, म्हणजे गोळ्या सुटू शकतात की! हो, काहींच्या सुटतात, पण पोट आणि गोळ्या दोन्ही एकत्र सांभाळून.

त्यांच्या डॉक्टरांनी ग्लिमेपिराइड बंद करून गोळ्या बदलल्या आणि मग आम्ही जेवणाकडं वळलो. यार्डात साखरेचे चार-पाच चहा, त्यासोबत खारी, नाहीतर वडापाव, आणि रात्री दहाला भाताचा ढीग. चहा दोनवर आणला, बिनसाखरेचा. घरून उकडलेली अंडी नाहीतर मटकीची उसळ डब्यात. ताटात आधी भाजी आणि कोशिंबीर, मग एक भाकरी, डाळ घट्ट. रात्रीचं जेवण साडेसातला, त्यानंतर पहाटेपर्यंत काही नाही, त्यांना उपवासच हवा होता ना, तो इथं मिळाला. एकादशी घरात पिढ्यान्‌पिढ्याची, ती मोडायला मी कधीच सांगत नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ सगळा स्टार्च, त्याऐवजी दही, काकडी, मूठभर दाणे आणि थोडी भगर ठरलं. वहिनींनाही त्याच ताटात बसवलं, त्या उरलंसुरलं खायच्या आणि त्यांची शुगर कुणी तपासलीच नव्हती.

पाच-सहा महिन्यांत वजन सात किलो कमी झालं, एचबीए१सी, म्हणजे साधारण तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी तपासणी, ८.९ वरून ६.९ वर आली. एक गोळी अजून आहे. दादांना ती खुपते, मलाही ती सुटावी असं मनापासून वाटतं, आम्ही त्यावर काम करतोय.

बाकी जे विचारतात त्यांना एवढंच सांगते. इन्सुलिन घेणारे, टाइप वन असलेले, गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाया, किडनीचा त्रास, गाऊट म्हणजे युरिक ॲसिडमुळे सांधे सुजणं, पूर्वी खाण्याचा मानसिक आजार झालेले, यांनी पाण्यावरच्या उपवासाच्या वाटेला जाऊच नये. डापाग्लिफ्लोझिनसारखी, लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी गोळी चालू असेल तर उपाशीपोटी रक्तात आम्ल वाढू शकतं, तेही शुगर फार वाढलेली नसताना, म्हणून मशीनवरचा आकडा बघून निर्धास्त राहू नका. आणि कुणी पाच-सहा दिवस उपाशी राहिलंच असेल तर एकदम गोड सरबत, भरपेट जेवण देऊ नका, अचानक खाल्ल्यावर रक्तातलं फॉस्फेट आणि पोटॅशियम झपकन उतरतं, हृदयाचे ठोके बिघडतात, त्यांना आधी दवाखान्यात न्या, रक्त तपासून मगच हळूहळू खायला द्या. गोळ्या मात्र कुणाचंही ऐकून स्वतःच्या मनाने चालूही ठेवू नका आणि बंदही करू नका, उपवास करायच्या आधी डॉक्टरांना गोळ्यांची पट्टी दाखवा आणि यातली कुठली गोळी उपाशीपोटी चालत नाही ते विचारा.