डोळ्याला टाके घातले. नजर किती परत येईल?

प्रश्न : माझा धाकटा भाऊ फॅब्रिकेशनच्या कामावर आहे. छिन्नीवर हातोडा मारताना लोखंडाची कपची उडून त्याच्या उजव्या डोळ्यात शिरली. त्याच रात्री बुबुळाला टाके घातले. मात्र कपची अजून आतच आहे आणि पडदाही सुटला आहे. पहिल्या दिवसापासून त्याला समोर हललेला हात तेवढा कळतो. पहिली शस्त्रक्रिया फसली का? दुसरीनंतर किती दिसेल?
– एक वाचक, सांगली

उत्तर : पहिली शस्त्रक्रिया फसली, असे मुळीच समजू नये. फाटलेला डोळा शक्यतो २४ तासांच्या आत शिवतात, तो जखम बंद करून डोळ्याचा आकार टिकवण्यासाठी आणि जंतुसंसर्गाचा धोका कमी करण्यासाठी. नजर सुधारण्याचे बरेचसे काम पुढच्या शस्त्रक्रियांवर अवलंबून असते. व्हिट्रेक्टमी या शस्त्रक्रियेत डोळ्याच्या पांढऱ्या भागातून बारीक उपकरणे आत नेऊन रक्ताळलेला जेलीसारखा द्रव काढतात, कपची उचलतात, पडदा जागेवर बसवतात आणि त्याला गॅसचा किंवा सिलिकॉन तेलाचा आधार देतात. तेल घातल्यास ते बहुधा काही महिन्यांनी काढावे लागते. लोखंड आत गंजत राहिले तर त्याचे क्षार पडद्याला कायमची इजा करतात, म्हणून ही शस्त्रक्रिया लांबवू नये.

नजरेच्या अंदाजासाठी २००२ साली प्रसिद्ध झालेली ‘ऑक्युलर ट्रॉमा स्कोअर’ ही पद्धत वापरतात. तिच्यात सर्वाधिक वजन दुखापतीनंतर प्रथम मोजलेल्या नजरेला आहे. हाताची हालचाल कळत असल्यास ७० गुण मिळतात आणि पडदा सुटल्याचे ११ वजा होतात. उरलेल्या ५९ गुणांनी आपला भाऊ पाचांपैकी दुसऱ्या गटात येतो (पहिला गट सर्वांत वाईट, पाचवा सर्वांत चांगला), आणि या गटात ६/१२ (निरोगी डोळ्याला १२ मीटरवरून दिसते ते ६ मीटरवरून दिसणे) किंवा त्याहून चांगली नजर सुमारे १५ टक्के रुग्णांनाच मिळते. पडदा शाबूत असता तर तिसऱ्या गटात हेच प्रमाण ४० टक्क्यांच्या थोडे वर असते. बाहुलीच्या प्रकाश-प्रतिसादात दोष असेल तर आणखी १०, आणि डोळ्यात जंतुसंसर्ग झाला असेल तर १७ गुण कमी होतात. या दोन्ही गोष्टी डॉक्टरांना स्पष्टपणे विचाराव्यात. अर्थात हे आकडे गटाचे आहेत, एकट्या रुग्णाचे भाकीत नव्हे. माझ्या मते खरी धास्ती बसवलेल्या पडद्यावर व्रणाचे पापुद्रे धरून तो पुन्हा सुटण्याची असते, आणि तसे झाल्यास तिसरी शस्त्रक्रियाही लागू शकते.

कपची आत असेपर्यंत एमआरआय करू देऊ नये. सीटी स्कॅन चालतो. पुढील काही महिन्यांत, क्वचित वर्षांनंतरही, चांगला डोळा लाल झाला, त्याला उजेड सहन होईनासा झाला किंवा धूसर दिसू लागले, तर त्याच दिवशी दाखवावे. जखमी डोळ्यामुळे दुसऱ्या डोळ्यालाही सूज येण्याचा हा विकार विरळा असला, तरी वेळीच सुरू केलेल्या स्टिरॉइड उपचारांनी तो बहुधा आटोक्यात येतो.