मिडवेचं डॉन्टलेस घेताय? आधी चांदणी बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दुसऱ्या महायुद्धातल्या डग्लस एसबीडी डॉन्टलेस या अमेरिकी डाइव्ह बॉम्बरचं (सरळ खाली झेपावून बॉम्ब टाकणाऱ्या विमानाचं) १/४८ मापाचं, म्हणजे मूळच्या अठ्ठेचाळिसाव्या हिश्श्याचं, डायकास्ट (साच्यात ओतलेलं धातूचं) मॉडेल जुन्या संग्रहातून विकायला आलंय, खोक्यावर ‘मिडवे, जून १९४२’ (पॅसिफिकमधल्या मिडवे बेटाजवळची अमेरिका-जपान लढाई) छापलंय आणि मालक दुर्मीळ म्हणून किंमत सोडायला तयार नाही. घ्यावं का? किमतीचं नंतर बोलू. आधी पंखावरच्या चांदणीचा जवळून काढलेला फोटो मागवा.

१९४२च्या सुरुवातीला अमेरिकी नौदलाच्या विमानांवर निळ्या वर्तुळात पांढरी चांदणी, तिच्या मधोमध लाल ठिपका आणि शेपटीच्या सुकाणूवर लाल-पांढरे आडवे पट्टे असत. लढाईच्या धामधुमीत तो लाल रंग बघून जपानी सूर्यबिंबाचा भास होई आणि आपल्याच विमानावर गोळीबार होण्याचा धोका असे. म्हणून मे १९४२च्या मध्यात ठिपका आणि पट्टे दोन्ही काढून टाकले गेले. कोरल समुद्राची लढाई त्याच्या आधीची, ४ ते ८ मे. मिडवेची त्यानंतरची, ४ जूनपासून. त्यामुळे लाल ठिपक्याचं, पट्टेरी सुकाणूचं मॉडेल कोरल समुद्राचं असू शकेल, मिडवेचं नाही. चांदणीच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या पट्ट्या असतील तर ते १९४३च्या उन्हाळ्यानंतरचं विमान. मिडवेला वरून निळसर राखाडी आणि खालून फिकट राखाडी रंग हवा. गडद निळा, मधला निळा आणि पोटाशी पांढरा ही रंगसंगती १९४३ची.

मग नाकाकडे या. मिडवेला विमानवाहू जहाजांवर होतं ते मुख्यतः एसबीडी-३ (शेवटचा आकडा आवृत्तीचा). त्याच्या इंजिनावरच्या आवरणाला वरच्या बाजूला हवा आत घेणारं तोंड असतं आणि पुढच्या काचेतून दुर्बिणीसारखी नेमनळी बाहेर आलेली दिसते. एसबीडी-५मध्ये दोन्ही गेली. एकाच साच्यातून सगळे प्रकार काढून फक्त रंग बदलायचा, असं या धंद्यात होतं, म्हणून हे बघायचं.

पोटाखालच्या बॉम्बकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही, पण जाणकार तिथेच थांबतो. एंटरप्राइझ या अमेरिकी विमानवाहू जहाजावरच्या ‘बॉम्बिंग सिक्स’ तुकडीच्या विमानांवर बी अक्षर आणि पोटाशी १,००० पौंडी बॉम्ब. त्याच जहाजावरच्या ‘स्काउटिंग सिक्स’ तुकडीवर एस अक्षर, पोटाशी ५०० पौंडी आणि पंखांखाली १०० पौंडी दोन. अक्षर आणि बॉम्ब जुळायला हवेत. बॉम्बला धरणारी वाय आकाराची दांडीही हवी. सत्तर अंशांत खाली झेपावताना बॉम्ब नुसता सोडला तर तो विमानाच्या स्वतःच्याच नाकावरच्या फिरत्या पंख्यात जायचा. ही दांडी त्याला झोक्यासारखी पुढे फेकून पंख्यापासून लांब सोडायची.

आता माझ्या मते या विमानाचं खरं सौंदर्य: पंखांच्या मागच्या कडेचे, वर आणि खाली उघडणारे, जाळीसारखी भोकं असलेले ब्रेक. याच्या आधीच्या नॉर्थ्रॉप बीटी-१वर भोकं नसलेले ब्रेक उघडले की मागच्या हवेचा खळखळाट शेपटीवर आदळून ती थरथरायची. भोकं पाडली आणि थरथर आटोक्यात आली. अभियंता एड हाइनमनच्या हाताखाली पुढे घडलेल्या डॉन्टलेसने ते ब्रेक तसेच ठेवले. झेप घेताना विमान हाताबाहेर जात नसे आणि वैमानिकाला नेम धरायला अवधी मिळे. मॉडेलमध्ये ही भोकं आरपार हवीत, पलीकडचा उजेड दिसला पाहिजे. नुसते खड्डे किंवा रंगवलेले ठिपके असतील तर ‘संग्राह्य’ म्हणून मागितलेला भाव देऊ नका. हे मी आग्रहाने सांगतो.

एवढा आग्रह का, तर ४ जूनच्या सकाळी साडेदहाच्या सुमारास याच विमानांनी काही मिनिटांत आकागी, कागा आणि सोर्यू ही जपानी विमानवाहू जहाजं पेटवली, आणि दुपारनंतर हिर्यू. ‘बॉम्बिंग सिक्स’चा वैमानिक डिक बेस्ट सकाळी आकागीवर आणि दुपारी हिर्यूवर, दोन्हीकडे होता. त्याच दिवशी ऑक्सिजनच्या उपकरणातल्या बिघाडाने त्याच्या फुप्फुसांना इजा झाली, क्षयाने डोकं वर काढलं आणि तो पुन्हा लढाईवर गेला नाही. एका माणसाच्या एका दिवसाचं विमान कपाटात ठेवायचं असेल तर खुणा त्या दिवसाच्याच हव्यात.

कुठे २१०६ क्रमांकाचं मॉडेल दिसलं तर माझ्यासाठी ते सर्वांत मोलाचं. त्याचं मूळ विमान एसबीडी-२, लढाईत मिडवे बेटावरून अमेरिकेच्या मरीन कोअरने उडवलेलं. लढाईत पडलेली २१९ भोकं घेऊन परत आलं, १९४३मध्ये प्रशिक्षणात मिशिगन सरोवरात बुडालं, १९९४मध्ये वर काढलं गेलं. आज ते अमेरिकेतल्या पेन्साकोलाच्या नौदल विमान संग्रहालयात आहे.

जागेचं म्हणाल तर डॉन्टलेसचे पंख घडी होत नाहीत. १/४८ला पंखांची लांबी साधारण २६ सेंटिमीटर, १/३२ला जवळपास ४०. कपाट आधी मोजा. जुन्या खोक्यातला फोम वर्षानुवर्षांनी चिकट होऊन रंग ओढतो, म्हणून फोमला टेकलेल्या बाजूचाही फोटो मागवा. आपल्याकडच्या पावसाळ्यात बंद काचकपाट आणि सिलिका जेलच्या पुड्या एवढं पुरतं. उन्हात मात्र ठेवू नका.

आता किंमत. खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क २०२०मध्ये २०वरून ६० टक्के झालं, २०२३मध्ये ७०. स्केल मॉडेलं त्याच गटात मोडतात. त्यामुळे इथे आधीच आलेल्या मॉडेलांचे भाव चढले, यात दुर्मीळपणाचा वाटा थोडाच. चांदणीत लाल ठिपका नाही, नाकावर हवेचं तोंड, अक्षराला साजेसा बॉम्ब आणि आरपार ब्रेक असतील तर थोडी घासाघीस करून घ्या. लाल ठिपका निघाला तर ‘मिडवे’चा भाव देऊ नका. कोरल समुद्राचं म्हणून कमी किमतीत मिळालं तर तेही घेण्याजोगं आहे, मात्र सुकाणूचे पट्टे शाबूत हवेत. फोटो आले की इथे टाका, बघून सांगतो.