शोधनिबंधात विरोधी मत मांडलं तर आपलीच बाजू कमकुवत होते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एम.ए.च्या लघुप्रबंधात 'समोरच्या बाजूची मतंही लिहा' असं गाईड सांगतात, पण ती लिहिली तर आपला मुद्दा पातळ होणार नाही का? आणि लिहायचीच तर कुठे, किती? शेवटी तुम्ही विचारलंय, 'एक परिच्छेद टाकला की चालतं ना?' मला त्या 'टाकला' शब्दावरच बोलायचंय, कारण असा परिच्छेद मीही एकदा टाकला होता.

मी एका महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते. काही वर्षांपूर्वी मराठवाड्यातल्या ऊस उत्पादकांवर एक निबंध लिहिला होता. म्हणणं सरळ होतं: ठिबक आलं की पाणी वाचतं, म्हणून ठिबकाचं अनुदान वाढवा. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं होतं, ते सगळ्यांच्या डोळ्यांपुढे होतं. केंद्राच्या सिंचन योजनेचं 'प्रति थेंब अधिक पीक' हे घोषवाक्य भिंतीभिंतीवर होतं. अशा वेळी ठिबकाच्या विरोधात बोलणार कोण? तरी रीत म्हणून शेवटून दुसऱ्या पानावर मी लिहिलं:

'काही अभ्यासकांच्या मते ठिबक सिंचन खर्चिक असून नळ्या चोक होण्याची समस्या आहे. मात्र योग्य देखभाल केल्यास ही समस्या दूर होऊ शकते.'

झालं, विरोधी बाजू निकालात निघाली. निबंध परत आला तेव्हा एका परीक्षकाचा शेरा होता: 'सिंचन कार्यक्षमतेच्या विरोधाभासावरचा वाद लेखिकेला माहीत नाही, की माहीत असून टाळला आहे?' यातलं कोणतंही उत्तर दिलं तरी नाचक्कीच. खरं उत्तर तर त्याहून लाजिरवाणं होतं. त्या वादावरचा एक लेख माझ्या लॅपटॉपवर कित्येक महिने पडून होता. शीर्षक वाचून मला तो गैरसोयीचा वाटला होता आणि मी तो उघडलाच नव्हता.

तो वाद काय आहे ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. १८६५ साली विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थतज्ज्ञानं कोळशाबद्दल लिहून ठेवलंय की वाफेची इंजिनं काटकसरी झाली म्हणून कोळसा कमी लागत नाही. इंजिन परवडू लागतं, इंजिनं वाढतात आणि एकूण कोळसा जास्तच जळतो. पाण्याच्या बाबतीत हाच धागा २००८ मध्ये वॉर्ड आणि पुलिदो-वेलास्केझ या अभ्यासकांनी अमेरिकेतल्या रिओ ग्रान्दे नदीच्या खोऱ्याचा हिशेब मांडून पुढे नेला. २०१८ मध्ये ग्राफ्टन आणि सहकाऱ्यांनी 'सायन्स' या शोधपत्रिकेत तोच मुद्दा जगभरच्या संदर्भात मांडला. त्यांचं म्हणणं असं: पाटानं पाणी दिलं की शेतात जे 'वाया गेलं' असं आपण म्हणतो, ते सगळं वाया जात नाही. थोडं उन्हानं उडून जातं, पण बरंचसं मुरतं आणि मुरमातून झिरपत खालच्या शेतकऱ्याच्या विहिरीत उतरतं. ठिबकानं ते मुरणं थांबतं. वर पिकाला पाणी नेमकं मिळाल्यानं पीक जोमानं वाढतं आणि जास्त पाणी पितं. उरलेल्या पाण्यावर आणखी रान भिजवलं जातं. म्हणजे शेताच्या बांधापर्यंत पाहिलं तर पाणी वाचलं, आणि खोऱ्याचा हिशेब मांडला तर वाचलं नाही, कधी कधी खर्च वाढलासुद्धा.

शेरा वाचून पहिले दोन दिवस मी परीक्षकावर चिडलेले होते. तिसऱ्या दिवशी सर्वेक्षणाच्या वह्या काढल्या. माझ्या प्रश्नावलीत एक रकाना होता: 'ठिबकामुळे पाण्याची बचत झाली का? होय / नाही.' जवळजवळ सगळीकडे 'होय'वर खूण. एका पानावर मात्र कडेला पेन्सिलीनं माझ्याच अक्षरात एक ओळ होती. तो प्रसंग लगेच आठवला. विहिरीच्या कठड्यावर बसलो होतो आणि मी विचारलं, 'काका, पाणी वाचलं का?' ते म्हणाले, 'वाचलं की ताई! म्हणून तर खालची तूर मोडून तितं बी ऊस लावला.' मी 'होय'वर खूण केली आणि पुढचा प्रश्न विचारला.

समोरची बाजू माझ्याच वहीत लिहिलेली होती. रकान्यात मावली नाही म्हणून निबंधात आली नाही, एवढंच.

आता तुमच्या भीतीबद्दल. विरोधी मत मांडल्यानं बाजू कमकुवत होते का? होते, कधी कधी खरंच होते, आणि तेव्हा ती व्हायलाच हवी असते. माझा 'ठिबकानं पाणी वाचतं' हा दावा तसाच्या तसा उभा राहिला नाही. दुसऱ्या खर्ड्यात तो आकसून असा झाला: ठिबकानं एकरी पाणी कमी द्यावं लागतं आणि पिकाचा उतारा वाढतो, पण लागवडीखालच्या क्षेत्रावर किंवा उपशावर मर्यादा नसेल तर गावाचं पाणी वाचेल असं यावरून म्हणता येत नाही. वाक्य लांबलं, जोर कमी झाला. पण पहिलं वाक्य कुणीही एका प्रश्नात पाडू शकलं असतं. हे पाडायला त्याला शेतात जाऊन मोजावं लागेल.

आणि विरोधी मताचा तो परिच्छेद असा झाला:

'शेताच्या पातळीवरची बचत म्हणजे खोऱ्याची बचत नव्हे, हा आक्षेप गंभीर आहे. पाटपाण्यातून झिरपणारं पाणी खालच्या विहिरींना मिळतं आणि ठिबकानं तो पुरवठा घटतो. प्रस्तुत सर्वेक्षणातही ठिबकानंतर उसाचं क्षेत्र वाढवल्याचं शेतकऱ्यांनी सांगितलं आहे. मात्र किती पाणी झिरपतं हे जमिनीवर अवलंबून आहे. खोल काळ्या रानातला आणि मुरमाड उतारावरचा हिशेब एक नसेल. आमच्याकडे विहिरींच्या पातळीच्या नोंदी नसल्यानं हा प्रश्न या निबंधातून सुटत नाही.'

दोन्ही परिच्छेद शेजारी ठेवून बघा. पहिल्यात मी असा विरोधक निवडला होता की जो फुंकरीनं पडेल. नळ्या चोक होतात, हे काय मत आहे? ते तर दुकानदारही सांगतो, आणि वर ॲसिडची बाटलीही देतो. बुजगावणं उभं करून त्यालाच लोळवायचं, हा प्रकार आपल्याकडच्या प्रबंधांत इतका बोकाळलाय की 'काही अभ्यासकांच्या मते' असं दिसलं की मी समासात लिहिते: कोणत्या? नाव घ्या, साल द्या. नाव घेता येत नसेल तर ते मत बहुधा कुणाचंच नसतं.

खरं तर ही शिस्त आपल्याला नवी नाही. आपल्या शास्त्रग्रंथांत आधी पूर्वपक्ष (समोरच्याचं म्हणणं), मग उत्तरपक्ष (त्याला उत्तर), मग सिद्धान्त अशी रीतच होती. शांकरभाष्य वाचताना नवखा माणूस कित्येकदा गोंधळतो, कारण पूर्वपक्ष इतका जीव ओतून मांडलेला असतो की आचार्यांचं मत हेच आहे असं वाटू लागतं. त्यासाठी एक न्यायही, म्हणजे दृष्टान्तातून सांगितलेला नियमही आहे, स्थूणानिखननन्याय. खांब रोवताना तो हलवून हलवून बघायचा आणि पुन्हा ठोकायचा, म्हणजे पक्का बसतो. मांडवाची मेढ रोवताना पाहिली असेल तर वेगळं सांगायला नको. न्यायशास्त्रानं, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रानं, चर्चेचेही तीन प्रकार केलेत: सत्य शोधण्यासाठी तो वाद, जिंकण्यासाठी तो जल्प, आणि स्वतःचं काहीच न मांडता दुसऱ्याचं फक्त खोडायचं ती वितंडा. आपण वितंडवाद हा शब्द रोज वापरतो, पण लघुप्रबंधांत जास्त करून जल्प आढळतो.

याचा तोटाही सांगते, नाहीतर मीही एकच बाजू मांडली असं व्हायचं. समोरचं मत ताकदीनं लिहिलंत की लोक तेवढंच उचलू शकतात. डार्विननं १८५९च्या ग्रंथात आपल्या सिद्धान्तापुढच्या अडचणींना अख्खं एक प्रकरण दिलं. डोळ्यासारखा अवयव नैसर्गिक निवडीतून घडला हे म्हणणं वरकरणी अगदी हास्यास्पद वाटतं, असं त्यानं स्वतःच लिहिलं आणि लगेच पुढे टप्प्याटप्प्यानं ते कसं शक्य आहे हे दाखवलं. उत्क्रांती न मानणारे आजही त्याचं पहिलं वाक्य देतात आणि पुढचं गाळतात. यावर माझा साधा उपाय असा की, आक्षेप आणि त्याला दिलेलं उत्तर एकाच परिच्छेदात ठेवायचं, मध्ये पान उलटू द्यायचं नाही. तोडून उचलणारा तरीही उचलेलच. डार्विननं मात्र त्या भीतीनं हात आखडला नाही. प्राणिशास्त्रज्ञ मिव्हार्टनं १८७१ मध्ये कडक टीका केल्यावर १८७२च्या आवृत्तीत आक्षेपांसाठी आणखी एक प्रकरण वाढवलं.

कुठे लिहायचं? तुमचा प्रश्नच मोडीत काढणारं मत असेल तर प्रस्तावनेत. निष्कर्षाचा दुसरा अर्थ लावणारं असेल तर चर्चेच्या भागात. साहित्य आढाव्यात सगळी मतं ओळीनं मांडून पुढे त्यांचं नावही न काढणं हा सगळ्यात वाईट प्रकार. किती? सात किरकोळ आक्षेपांपेक्षा तुमची झोप उडवणारा एकच घ्या.

लिहिण्याआधी भांडण नेमकं कशावर आहे हेही तपासा. आकड्यांवर असेल तर आकडे द्यावे लागतील. माझ्या बाबतीत आकड्यांवर भांडण नव्हतंच, 'वाचलं' या शब्दावर होतं. मी बांधापर्यंत मोजत होते आणि आक्षेप घेणारे खोऱ्यापर्यंत. असं निघालं तर अर्धं काम शब्दाची व्याख्या केल्यानंच होतं. आणि भांडण मूल्यांचं असेल, म्हणजे कमी पावसाच्या मुलखात ऊस असावाच का अशा स्वरूपाचं, तर तक्ते दाखवून ते मिटणार नाही. तसं स्पष्ट लिहा आणि आपण कुठे उभे आहोत तेही सांगा.

एक नाजूक बाब तुम्ही विचारली नाहीत, पण ती येणारच. विरोधी मत तुमच्या गाईडचंच असेल किंवा तोंडी परीक्षेला येणाऱ्या बाहेरच्या परीक्षकांचं असेल तर? ते गाळू नका, आणि 'आदरणीय' लावून गुळमुळीतही करू नका. त्यांच्या छापील लेखातलं वाक्य पान क्रमांकासह द्या आणि आपला फरक कुठे आहे ते एका वाक्यात लिहा. गाळलेलं मत तोंडी परीक्षेत हमखास समोर येतं, आणि तेव्हा हातात कागद नसतो.

दुसरा खर्डा पाठवण्याआधी मी तो परिच्छेद भूजलावर काम करणाऱ्या एका ओळखीच्यांना वाचायला दिला. ते ठिबकाबद्दल माझ्या अगदी उलट मताचे आहेत. त्यांना एकच विचारलं, 'तुमचं म्हणणं हेच आहे ना?' बाकी त्यांनी काही बदललं नाही. एका ठिकाणी मी 'वॉर्ड आणि सहकारी असा दावा करतात' असं लिहिलं होतं, त्यातल्या 'दावा'खाली रेघ मारून कडेला लिहिलं: 'हिशेब मांडलाय त्यांनी. तुमचे ते निष्कर्ष आणि त्यांचा तो दावा?' ती क्रियापदं मी संपूर्ण निबंधात शोधून बदलली. अकरा ठिकाणी निघाली.